थावरूकाका आणि शून्याचा दगड

लग्नाच्या मांडवात लोक आहेर घेऊन येतात. थावरूकाका राठोड ओळंबा घेऊन आले होते.

ओळंबा म्हणजे गवंडी भिंतीलगत दोरीने सोडतात तो वजनदार पितळी लट्टू. भिंत सरळ आहे की कलली आहे, हे तो सांगतो. मी फुलसावंगीत राहायला आले त्याच आठवड्यात घरमालकांच्या पुतणीचं लग्न होतं. कुणाशी ओळख नव्हती, म्हणून मी जेवणाच्या टेबलांवर नजर ठेवून बसले होते. तेवढ्यात धोतर, सदरा आणि गुलाबी पागोटं अशा वेशातला साठीचा एक सडसडीत गृहस्थ तरातरा स्टेजवर चढला. खिशातून ओळंबा काढून त्याने फुलांच्या कमानीवरून खाली सोडला, एक डोळा मिटला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं, "नवरदेवाकडची बाजू दोन बोटं झुकून राह्यली."

वरपक्षात एकदम खळबळ. नवऱ्याच्या मामांनी बाह्या सरसावून विचारलं, "याचा अर्थ काय समजावा आम्ही?"

"अर्थ कायचा? खांबाखाली चिपटी ठोका."

भटजी थांबले, बँडवाले थांबले, दोघांनी खांबाखाली लाकडाची चिपटी ठोकली. काकांनी पुन्हा ओळंबा सोडला, "आता लावा लगन," म्हणाले आणि दोन जिलब्या उभ्याउभ्याच खाऊन निघूनही गेले. मी शेजारच्या बाईंना विचारलं, हे कोण? त्या म्हणाल्या, "थावरूकाका. त्याइले सोडून द्या. माह्या सुनेची फोटो फ्रेम बी मोजून गेलते."

सोडून कसं देणार? दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर गेले तर तेच पागोटं तिथे हजर.

माझं काम गावापासून तासाभराच्या पायवाटेवर, नाल्याकाठच्या पांढुरक्या टेकाडावर होतं. ते टेकाड म्हणजे कधीकाळी वसलेलं आणि मोडलेलं गाव. तिथे पंचवीसेक वर्षं अधूनमधून उत्खनन होत आलेलं होतं. मग तीन वर्षं सगळं बंद पडलं आणि यंदा नवे प्रमुख पाठक सर नवी यंत्रं घेऊन आले. ती यंत्रं सांभाळायला मी. पूर्वी मातीचा प्रत्येक थर, प्रत्येक भिंत, प्रत्येक खापराची जागा आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने काढायचे. आता तेच टॅबवर भरायचं, आणि तीन पायांवर उभ्या केलेल्या मोजणीच्या यंत्राने क्षणात मोजायचं. आमच्या यवतमाळच्या घरात आजोबा आणि बाबा दोघांनीही कचेरीत कागदांवर जन्म काढला. कागदाशी फितुरी करणारी घरातली पहिली मीच, आणि त्याचा मला जरा जास्तच अभिमान होता.

इतक्या वर्षांचं ते सगळं पेन्सिलकाम एकट्या थावरूकाकांचं होतं. चौथीपर्यंत शिकलेला बंजारा तांड्यावरचा हा माणूस माती उचलायला म्हणून कामावर आला आणि एका जुन्या आरेखकाच्या हाताखाली असा तयार झाला, की त्यांच्या एक्केचाळीस वह्यांत खोडरबराचा डाग शोधावा लागे. त्या वह्या टेकाडावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये एका ट्रंकेत होत्या.

मी पहिल्याच दिवशी उत्साहाने सगळ्या वह्या स्कॅन केल्या. एका दिवसात एक्केचाळीस! सरांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. काका दाराशी येरझारा घालत बघत होते. संध्याकाळी त्यांनी विचारलं, "सगळ्या वाचल्या?"

"सगळ्या घेतल्या, काका."

"वाचल्या का म्हून इचारलं मी."

मी हसून विषय बदलला.

येरझारा हा त्यांचा कायमचा धंदा. काका बसत नसत. चहा उभ्याने, जेवण उभ्याने, एसटीत अख्खी सीट रिकामी असली तरी दांडा धरून. मी एकदा खुर्ची पुढे केली तर म्हणाले, "आमचे आजे-पणजे बैलाइवर मीठ लादून मुलूखभर हिंडत. जो बसला, थो तांड्याच्या मांगं राह्यला." त्यांच्याशी बोलायचं तर आपणही चालायला लागायचं. महिन्याभरात माझ्या चपलांचे दोन जोड झिजले.

माझा टॅब आणि काका यांचं पहिल्या दिवसापासून फाटलं. सरांचा हुकूम होता की प्रत्येकाने आपल्या खड्ड्याची नोंद स्वतः टॅबवर करायची. काकांनी बोट लावलं. काही झालं नाही. पुन्हा लावलं, दाबलं, घासलं. पंचवीस वर्षांच्या माती-दगडाने त्यांची बोटं इतकी निबर झाली होती की पडदा त्यांना बोटं मानायलाच तयार नव्हता. काकांनी टॅब परत माझ्या हातात दिला. "याले माहा हात दिसत नाही," म्हणाले आणि आपल्या खड्ड्यात उतरले.

मग असं ठरलं की त्यांनी सांगायचं आणि मी भरायचं. त्यात आणखी तमाशा. टॅबमध्ये मातीच्या रंगाची यादी तयार होती, त्यातला एक निवडायचा. काका माती चिमटीत घेणार, हुंगणार, जिभेला लावणार आणि सांगणार, "राखेची आहे. चुलीजवळची. बाईमाणसाचा वावर होता इथं."

"काका, रंग सांगा. तपकिरी, गडद तपकिरी की फिकट तपकिरी?"

"रंग तर तुम्हाले बी दिसते. मले थे सांगू द्या जे तुम्हाले दिसत नाही."

इकडे उन्हात पडद्यावर मला माझ्याच नाकाशिवाय काही दिसत नसे, बॅटरी दुपारीच मान टाके, आणि मागून सरांच्या हाका. मी मुळात उतावळी. काकांच्या वर्णनातलं एक अक्षरही न लिहिता मी 'गडद तपकिरी' दाबून मोकळी होत असे.

मोजणीच्या यंत्राशी मात्र त्यांचं जरा बरं जुळलं. त्यांनी त्याचं नाव तिपाई ठेवलं. तिच्या पोटातून बरोबर खाली प्रकाशाचा एक लाल ठिपका पडतो, त्यावरून ती कुठे उभी आहे ते कळतं. काकांनी तिच्या पोटाशी आपला ओळंबा सोडला. लट्टूचं टोक आणि ठिपका एकाच जागी आले. काकांनी वाकून पाहिलं. "दोघं बी एकाच ठिकाणी पडले," ते म्हणाले. "मंग ठीक आहे."

आता त्या दगडाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळेच झालं. टेकाडाच्या उत्तर टोकाला एक काळा चौकोनी दगड आहे. त्याच्या माथ्यावर छिन्नीने फुली कोरलेली आहे. इथली प्रत्येक खोली त्या फुलीपासून खाली मोजायची, असा पहिल्या दिवसापासूनचा रिवाज. काका त्याला शून्याचा दगड म्हणत. मी पाहिला तेव्हा तो विटांच्या एका नीटस ओट्यावर बसवलेला होता, चारी बाजूंना शेंदूर आणि पुढ्यात भाकरीचे वाळलेले तुकडे. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आपल्याकडे दगड चार दिवस एका जागी राहिला की त्याला शेंदूर लागतोच. आम्ही तिपाई मांडली, फुलीवर नेम धरला आणि कामाला लागलो.

दुपारी सगळे शेडमध्ये जेवायला जमत. काका तेवढे आपलं फडकं घेऊन दगडाकडे जात. मला वाटे, माणूसघाणे आहेत.

हंगाम संपायला आठवडा उरला आणि घोटाळा उघड झाला. चार वर्षांपूर्वीच्या खड्ड्यात काकांनी एका जुन्या घराची भाजलेल्या मातीची जमीन काढून ठेवली होती. यंदा शेजारच्या खड्ड्यात तीच जमीन पुढे सरकताना सापडली. तोच रंग, तोच लेप, तीच चूल. मी जुनी आणि नवी मोजमापं पडद्यावर एकत्र आणली तर सलग जमिनीत मधोमध पायरी! नवा भाग बावीस सेंटिमीटर खाली.

सरांनी तीनदा मोजून घेतलं. यंत्र प्रत्येक वेळी तेच सांगत होतं. म्हणजे चूक जुन्या वह्यांत. आणि एका वहीत असेल तर सगळ्याच वह्यांत असणार.

"राठोड, तुमच्या मोजण्यात फरक येतोय," सर म्हणाले. सर तुसडे नव्हते, पण शनिवारी खड्डे बुजवायचे होते आणि त्यांना अहवाल पाठवायचा होता.

काकांच्या हातातला ओळंबा गरागरा फिरत होता. "धागा खोटं नाही बोलत, साहेब." हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. मी ते शंभरदा ऐकलं होतं आणि त्या क्षणी मला ते असह्य झालं.

"यंत्रही खोटं बोलत नाही, काका," मी म्हणाले.

"यंत्र बी चुकलं नाही, ताई. अन् माह्या वह्या बी चुकल्या नाही."

"दोन्ही कसं होईल? काहीतरी एक सांगा ना!"

काका चालायला लागले.

पुढचे तीन दिवस हा माणूस टेकाडावर नुसता फिरत होता. खड्ड्याच्या कडेने, शेडला वळसा घालून, दगडापर्यंत, परत. जुन्या खड्ड्यात उतरून दोरी ताणायचे, नव्या खड्ड्यात येऊन सोडायचे. मला दोनदा येऊन म्हणाले, "ताई, वह्या वाचून पाहा." मला वाटलं, आपली चित्रं किती सुबक आहेत ते दाखवायचंय. मी म्हणाले, "काका, वेळ कुठाय?" त्यांच्या त्या फिरण्याने मलाही काही सुचेना. लिहायला बसलं की पत्र्यावरून त्यांची सावली जायची, आणि मी पुन्हा पहिल्या ओळीवर.

शुक्रवारी सरांनी मला लाल पेन दिलं. एक्केचाळीस वह्यांच्या पहिल्या पानावर 'सदोष' असा शेरा मारायचा, म्हणजे पुढे कुणी त्यांच्यावर विसंबणार नाही. मी शेडमध्ये ट्रंक उघडली, पहिली वही घेतली. पहिल्या पानावर त्याच दगडाचं चित्र होतं, जाड जाड रेषांचं, नवशिक्या हाताचं. खाली गिचमिड सही, थावरू हेमला राठोड. मी पेनाचं टोपण काढलं.

दारातून काका आत आले. ट्रंकेजवळ आले आणि बसले.

जमिनीवर, मांडी घालून बसले. मी घाबरले. मला वाटलं, यांना चक्कर आली. मी पाण्याची बाटली शोधू लागले.

"पाणी नको," काका म्हणाले. "शेवटची वही घ्या. शेवटचं पान. नाही तर तुमच्या त्या टॅबात असनच. तुम्हीच घेतलं ना थे."

मी टॅबवर शोधलं. एक्केचाळिसाव्या वहीचं शेवटचं पान. मीच स्कॅन केलं होतं, अगदी सरळ, चारी कोपरे धरून. त्यावर शून्याच्या दगडाचं चित्र होतं. एकाच कागदावर दोनदा, शेजारी शेजारी. डावीकडे दगड जमिनीत, उजवीकडे दगड ओट्यावर. उत्तर दिशेचा बाण होता, मोजपट्टी होती. दोन्ही फुल्यांच्या मधली उंची दोन्हीकडून मोजून लिहिली होती. बावीस सेंटिमीटर. खाली रेघ मारून 'कारण' असं लिहिलं होतं आणि पुढे दोन शब्द. 'जमनी म्हणे.'

"जमनी कोण?" मी विचारलं, जरी मला ते कळलं होतं.

"घरची माही," काका म्हणाले. "रोज दुपारी तांड्यावरून भाकर घेऊन ये. पह्यले त्या दगडाले तुकडा ठेवे, मंग मले दे. मी म्हणो, काहून व? तर म्हणे, तुमचं समदं याच्यावरून मोजतेत, मंग थो बी उपाशी कायले राह्यल?"

ते ओळंब्याची दोरी बोटाला गुंडाळत होते, सोडत होते.

"बरसातीत त्याच्यावर चिखल ये. ढोरं पाय देत. दरसाली म्हणे, त्याले एक ओटा करून द्या. मी म्हणो, बिलकुल नाही. थो दगड एक बाल हालला तर माहं समदं काम गलत होईन. पंचवीस साल नाही म्हणलं तिले, ताई. मंग थे गेली. इकडचं काम बंद झालं. साहेब लोकाइचा कागद आला का आता इथं कोणी येत नाही. मले वाटलं, आता कायचं शून्य अन् कायचं माप? एका दिवसात केला ओटा. आदी मोजलं, मंग उचलला, मंग पुन्हा मोजलं. वहीत लिवलं. अन् मंग तुम्ही आल्या."

"मग सांगायचं ना, काका! पहिल्याच दिवशी!"

"कसं सांगू? इतले साल मजुराइले सांगत आलो, दगडाले धक्का लावन त्याचा हात तोडीन." त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं. "म्हणलं, लिवलं तर आहे. वाचतीन कोणी. रोज वाट पाहून राह्यलो."

मला इतकी लाज क्वचितच वाटली असेल. एका दिवसात एक्केचाळीस वह्या घेतल्या होत्या मी, आणि एकही पान वाचलं नव्हतं. लाल पेनाचं टोपण मी लावलं.

सरांना आम्ही दोघांनी मिळून सांगितलं. सर पान बघत राहिले, मोठं करून, लहान करून. मग म्हणाले, "राठोड, हे बरोबर नाही केलंत. दगड मूळ जागी घ्यायला हवा."

"हो साहेब," काका म्हणाले. छिन्नी-हातोडा त्यांच्या थैलीत आधीपासूनच होता. किती दिवसांपासून होता, कोण जाणे. ते ओट्यापुढे उकिडवे बसले आणि विटांच्या सांध्यावर छिन्नी टेकवली. तेव्हा मी पहिल्यांदा तो ओटा नीट पाहिला. इतकं चोख बांधकाम मी त्या भागात दुसरं पाहिलं नाही. चारी कोपरे ओळंब्यात होते.

"कायले पण?" मी ओरडले. चिडले की मी शाळेतल्यासारखी वऱ्हाडी बोलते. "सर, कायले फोडायचा? पुन्हा हलवला तर तो मूळ जागी केसाइतका बरोबर बसेल याची खात्री कोण देणार? यांनी आधी मोजलंय, नंतर मोजलंय. फुली कुठे होती आणि कुठे आहे, आपल्याला दोन्ही माहीत आहे. मी टॅबमध्ये एक आकडा बदलते, यंदाची सगळी मोजमापं आपोआप बावीसने वर सरकतील. एक आकडा, सर!"

सरांनी विचार केला. "सगळीच्या सगळी?"

"सगळी."

काकांची छिन्नी तिथेच थांबली होती. "म्हंजे दगड उतरवा लागत नाही?"

"नाही, काका."

"समदे चित्रं पुन्हा काढा लागत नाही? कागदावर असतं तर सहा महिने लागले असते."

"नाही लागत."

"अन् ओटा?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं, ओट्याकडे पाहिलं आणि चष्मा पुसत म्हणाले, "राहू द्या."

मी तिथेच उन्हात उभं राहून आकडा बदलला. पडद्यावरची पायरी नाहीशी झाली, जुन्या-नव्या खड्ड्यांतली जमीन सलग झाली, आणि काकांची पेन्सिलीची रेघ तिच्याशी तंतोतंत जुळली. टॅबने दुरुस्तीचं कारण विचारलं. यादी तयारच होती: यंत्रातला दोष, हवामान, मानवी चूक, इतर. काका खांद्यावरून वाकून बघत होते. "मानवी चूक लिवा," ते हळूच म्हणाले. मी 'इतर' दाबलं आणि वहीतले दोन शब्द जसेच्या तसे भरले.

दुसऱ्या दिवशी खड्डे बुजवायला घेतले. दुपारी मी माझा डबा घेऊन दगडाकडे गेले. काकांनी हरकत घेतली नाही. त्यांनी फडकं सोडलं, ज्वारीची भाकर आणि गुळाचा खडा काढला. एक तुकडा मोडून फुलीपुढे ठेवला. मग आणखी एक तुकडा मोडला, गूळ लावला आणि जाऊन तिपाईच्या तीन पायांच्या मधोमध, लाल ठिपका पडतो बरोबर त्या जागी ठेवला.

"काका, हे काय?" मी म्हणाले.

"थे बी दिवसभर उभीच राह्यते," काका म्हणाले आणि माझ्याशेजारी येऊन बसले. "उपाशी कायले ठेवा?"